आपेनिसाच्या घरची ओली भिंत

आमच्या या बेटावरच्या सावुसावू गावात न्हाणीघराला टाइल लावायची असली तर आधी प्लास्टर करणाऱ्या आपेनिसाला विचारावं लागतं. तसा काही कायदा नाही. पण टाइल लावणारा इनोके मिस्त्री आपेनिसाने मान हलवल्याशिवाय भिंतीला थापी लावत नाही, आणि इनोकेइतका सरळ हाताचा दुसरा मिस्त्री बंदरापासून डोंगरापर्यंत शोधून सापडायचा नाही. त्यामुळे प्रत्येकाचं घोडं अडतं ते आपेनिसापाशी.

आमचं हार्डवेअरचं दुकान बंदरासमोरच आहे. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. सिमेंट, रंग, टाइल, नळ, सगळं मीच विकते, आणि उधारी मागायला आलेल्याला शब्दांनीच परत पाठवते. माझ्या जिभेला गाव टरकून असतं. तरी आपेनिसापुढे मी हरले, ते दुकानामागच्या आमच्या न्हाणीघरावरून.

तो आला तेव्हा दारातून आत शिरायला त्याला वाकावं लागलं आणि थोडं तिरकंही व्हावं लागलं. चर्चमध्ये सगळ्यात खालच्या सुरात गातो तो हाच. तो गायला लागला की पुढच्या बाकावरच्या बायकांच्या पोटात धडधडतं म्हणतात. एवढा मोठा माणूस, पण भिंतीवर टकटक केली ती एका बोटाच्या पेराने. मग कान लावला, थोडा सरकला आणि पुन्हा टकटक केली.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"कोणीच नाही, वहिनी. तेच तर दुखणं आहे. इथलं प्लास्टर ब्लॉकला सोडून बसलंय. पोकळ वाजतंय. ऐका."

मी ऐकलं. मला सगळं सारखंच वाजलं.

"अरे, वरून टाइल लागल्यावर कोण ऐकायला येणार आहे?"

"टाइल ऐकेल ना. आणि एक दिवस तुम्ही डोक्यावर पाणी ओताल तेव्हा तुमच्या पायावर येऊन पडेल. मग तुमच्या शिव्या मीच ऐकायच्या."

त्याने छिन्नी घेऊन पोकळ तेवढं प्लास्टर उडवलं. जुना तेलरंग खरवडून काढला, कारण रंगावर चिकटवलेली टाइल रंगाला धरते, भिंतीला नाही, आणि रंग कधी साथ सोडेल याचा भरवसा नाही. खड्डे भरले. ओळंबा सोडून, पट्टी फिरवून भिंतीचं पोट कुठे सुटलंय ते पाहिलं. गुळगुळीत जागी टाइलला पकड मिळावी म्हणून टाचे मारले. कोपऱ्यांत जाळीची पट्टी बसवून पाणी अडवणारा लेप दिला. मी रोज विचारायची, झालं का? तो रोज म्हणायचा, भिंतीला विचारा.

भिंतीला विचारायची त्याची रीत अशी: संध्याकाळी प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी पट्टीने चिकटवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर भिंत अजून ओली. प्लास्टिक कोरडं राहिलं तर मग पुढचं बोलायचं. आमच्या गावात पावसाला काळवेळ नाही, त्यामुळे भिंतींना घाम फार. ओल्या प्लास्टरवर टाइल लावून मोकळे झालेले लोक नंतर हात चोळत बसतात. ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि तिची वाट टाइलमधून जाते.

"एवढं सगळं करायचं आणि ते कोणाला दिसणारसुद्धा नाही," मी एकदा म्हटलं. "लोक म्हणणार, काय सुंदर टाइल लावल्यात इनोकेने!"

"वहिनी, तुमच्याकडच्या लग्नात मी जेवायला असतोच. नवरीला हळद लावायला कोण कोण होतं ते फोटोत कुठे असतं? नवऱ्याशेजारी उभी असते ती साडी. पण हळदच लागली नाही तर लग्न कसलं?"

आम्हा हिंदुस्थानी लोकांत राहून राहून हे बेटावरचे लोक आमच्याच म्हणी आमच्यावर उलटवतात. मी हरले, हे गावातल्या चार जणांनी पाहिलं आणि चाळीस जणांना सांगितलं.

असा हा माणूस. आणि याच्या स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. परसात नीरफणसाच्या झाडाखाली पत्र्याचा आडोसा, खाली चार दगड, वर आभाळ. पाऊस पडला की दगडांभोवती चिखल. शेजारची डुकरं पत्र्याखालून नाक घालून बघायची, आत कोण आहे ते. त्याची बायको लितिया माझी मैत्रीण. ती दुकानात येऊन पोत्यावर बसायची आणि सुरू व्हायची.

"गावातल्या भिंतींना अंगभर लेप लावतो. आणि बायको डुकरांसमोर आंघोळ करते."

आपेनिसा हसायचा. घराला लागून ब्लॉकची चौकट त्याने कधीचीच उभी केली होती, छप्परही टाकलं होतं. पण प्लास्टर राहिलं ते राहिलंच. लोकांच्या भिंतींतून त्याला सवडच मिळायची नाही. खरं सांगायचं तर लितियाही नुसती तोंडाने बोलायची, मनावर घेत नव्हती. तिच्या आईचा गुडघा निकामी होईपर्यंत.

तिची आई कोरो बेटावर राहायची. आम्ही सगळे तिला बूबूच म्हणतो, म्हणजे आजी. ओढ्यावर आंघोळीला उतरताना घसरली, आणि तेव्हापासून काठी आली. लितिया शेंडेफळ. लग्न करून इकडे आली ती आईला सोडून, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. सणाला कमरेभोवती गुंडाळायची चटई विणायला घेतली की आईची आठवण काढून रडणार, आणि रडता रडता विणकाम मात्र एका धाग्याने चुकू देणार नाही. तिला आई जवळ हवी होती. आयुष्यात दुसरं काही तिने इतकं मागितलेलं मी पाहिलं नाही.

मोठा भाऊ सिरेली मात्र वेगळ्याच बेतात होता. त्याच्या मुलाचा सुवा शहरात फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. त्याने फोनवर सांगितलं, "तुझ्याकडे न्हाणीघर कुठंय? आई पुन्हा घसरली तर? घरातल्या घरात, टाइल लावलेलं पक्कं न्हाणीघर असेल तर तुझ्याकडे उतरवतो. नाहीतर त्याच जहाजाने तिला घेऊन पुढे सुवाला जातो."

"तिसऱ्या मजल्यावर?" लितिया मला सांगताना रडत होती. "तिथून तिला समुद्र दिसणार नाही, माणूस दिसणार नाही. खिडकीतून काय, समोरच्यांची धुणी बघत बसेल?"

आपेनिसाने ऐकलं आणि सगळ्या गावाच्या भिंती सोडून घरच्या भिंतीला हात घातला. वाळू त्याने स्वतः चाळली. पट्टीवर पट्टी फिरवत असं प्लास्टर केलं की मी बघायला गेले तर बोटाला कुठे उंच नाही की खोल नाही. वरून टाइल धरण्यापुरता खरखरीतपणा ठेवलेला. नळ बसवला, बसायला सिमेंटचा कट्टा बांधला, दाराला आतून कडी लावली. लितियाने तिच्या दोन मोठ्या चटया आमच्या दुकानात आणून दिल्या आणि टाइल घेऊन गेली. समुद्राच्या उथळ पाण्याचा रंग असतो ना, तशा. आईला समुद्र दिसायला हवा म्हणाली.

मग पाऊस लागला तो थांबेना.

रोज सकाळी आपेनिसा प्लास्टिक उचलायचा. रोज आतून घाम. लितिया मागे उभी असायची.

"आज?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज?"

"भिंतीला विचार."

"भिंतीची आई येत नाहीये जहाजातून! माझी येतेय!"

हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना स्वतःच हसली. पण हसण्यात जोर नव्हता. जहाज येत्या शनिवारी लागणार होतं.

आता इनोकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाच्या पचनी पडणार नाही. आपेनिसाचं गाव आणि इनोकेचं गाव एकमेकांचे तौवू. दोन्ही गावांचे मूळ देव भाऊ भाऊ होते म्हणे, आणि देव भाऊ असले की माणसांना एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा. नुसतं बोलायची नाही, उचलून न्यायचीही. तौवू तुमच्या घरात येऊन चुलीवरचं भांडं घेऊन गेला तरी रागवायचं नाही, हसायचं. जो रागवला त्याची शोभा. तुमची पाळी आली की तुम्ही त्याच्या घरी जायचं. आपेनिसा आणि इनोके तर रोज संध्याकाळी एकाच वाडग्यातून कावा, म्हणजे मुळी कुटून केलेलं इथलं पेय, पीत आणि एकमेकांची साग्रसंगीत बेअब्रू करत.

"आलास? तुझ्या गावात कावा उगवत नाही वाटतं, भिकाऱ्या?"

"उगवतो. पण तुमच्या गावच्या बायकांना दया येते माझी. तुझ्याकडे बघून बघून थकल्यात त्या."

इनोके हा काटकुळा, बोलताना मान वाकडी करणारा. आपेनिसाचे दोन सदरे आणि एक रेडिओ त्याच्याकडे होता. इनोकेची चांगली छत्री आपेनिसाकडे. कोणी काही परत मागत नसे.

तर त्या आठवड्यात इनोके रोज येऊन भिंत बघायचा, ओठ मुडपायचा आणि कावा प्यायला बसायचा. आणि लितिया धुसफुसत आत-बाहेर करायची. बुधवारी तिचा बांध फुटला. आपेनिसाने तिच्याकडे पाहिलं. मला त्याचं ते पाहणं माहीत आहे. भिंतीपुढे तो डोंगर असतो आणि बायकोपुढे लोणी. मग इनोकेला म्हणाला, "उद्या सकाळी लावायला घे."

"ओल्यावर?" इनोके म्हणाला.

"उद्या सकाळी," आपेनिसा म्हणाला आणि वाडगा खाली ठेवला. त्या दिवशी तो पुढे कावा प्यायला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. लितिया मला म्हणाली, मी जिंकले खरी, पण ते मला चांगलं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी इनोके आला तो त्याची जुनी गाडी घेऊन. थापी नाही, बादली नाही. अंगणात उभा राहून त्याने आरोळी ठोकली, "तौवूच्या घरी चांगला माल पडलाय!" आणि टाइलचा पहिला खोका उचलून गाडीत ठेवला. मग दुसरा. शेजारपाजारचे हसत बाहेर आले. दोघांनी तर खोके उचलायला मदतही केली. आपेनिसा दारात उभा होता, हात लोंबकळत. आणि लितियाने, बिचारीने, आपल्या चटयांचे पैसे डोळ्यांदेखत गाडीत चढताना पाहिले आणि ती हसली. रीतच तशी. हसावं लागतं. पाठ वळली तशी ती रडत माझ्या दुकानात आली.

"माझ्या टाइल्स!" ती म्हणाली. "आणि मला रागवतासुद्धा येत नाही, वहिनी! नवऱ्याचा तौवू! परवा जहाज येणार आणि सिरेली मला काय म्हणेल?"

तिला रागवता येत नव्हतं. मला येत होतं. मी काही कुणाची तौवू नाही. आमचे देव त्यांच्या देवांचे भाऊ असल्याचं मला तरी कोणी सांगितलेलं नाही. मी गल्ला बंद केला, पदर खोचला आणि तडक इनोकेच्या घरी गेले.

खोके व्हरांड्यात रचून ठेवलेले. शेजारी इनोके पाय पसरून भाजलेला नीरफणस सोलत बसलेला.

"लाज वाटते का रे, मेल्या?" मी अंगणातूनच सुरुवात केली. "म्हातारीच्या तोंडचं न्हाणीघर पळवलंस! ती पोर तिकडे धाय मोकलून रडतेय, आणि तू इथे फणस खातोस? तौवू म्हणे! आमच्यात याला दरोडा म्हणतात!"

"बसा, वहिनी. फणस घ्या."

"मला नको तुझा फणस! परत दे आधी ते खोके."

"देतो. भिंत वाळली की."

मी थांबले. खोचलेला पदर सोडला आणि पायरीवर बसले.

"तो काल हो म्हणाला तेव्हा त्याचं तोंड बघितलं असतंत तर..." इनोके फणसाकडे बघत म्हणाला. "आजवर दुसऱ्यांच्या ओल्या भिंतींवरून मला किती वेळा हाकलून दिलंय त्याने! शिव्या घालून. आज तोच मला ओल्यावर लावायला सांगतो. मी लावली असती तर तो रोज त्या न्हाणीघरात जाऊन टाइलकडे बघत बसला असता, आता पडेल, मग पडेल. म्हातारीच्या डोक्यावर पडली असती तर? लितियाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. मला चोर म्हणणं त्याला जमत नाही. मग मी चोर झालो तर माझं काय गेलं?"

"हे लितियाला सांग की मग."

"सांगितलं तर ती त्याच्यावर रागवेल. असू दे, माझ्यावर रागवू दे. मला सवय आहे."

मी फणस घेतला. चांगला भाजला होता. घरी जाताना मला रागवायला कोणीच उरलं नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

शुक्रवारी ऊन पडलं. आपेनिसाने दार उघडं टाकलं, खिडकीची फळी काढली, वारा आरपार जाऊ दिला. शनिवारी पहाटे त्याने प्लास्टिक उचललं. कोरडं. एक थेंब नाही. तो धावत माझ्याकडे आला, एवढा मोठा माणूस धापा टाकत, मला झोपेतून उठवून प्रायमरचा डबा घेऊन गेला. "वाळली, वहिनी! प्रायमर मारतो, लेप देतो, इनोकेकडून टाइल आणतो. सिरेलीला म्हणेन, दोन दिवस दे."

पण जहाज त्याच्या आधी लागलं. तो डब्याचं झाकण उघडत होता तेव्हाच भोंगा वाजला.

मीही गेले त्यांच्याकडे. दुकान त्या दिवशी कोणाला हवं होतं? टॅक्सीतून सिरेली उतरला, रविवारचा सुलू, म्हणजे इथली लुंगी, आणि कोट घालून, आणि मागून काठी टेकत बूबू. एवढीशी म्हातारी, पांढरे केस कापसासारखे मोकळे, कानामागे फूल. लितिया पुढे धावली आणि आईच्या गळ्यात पडली. सिरेलीने मात्र आईचं बोचकं टॅक्सीतच राहू दिलं, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, आणि सरळ न्हाणीघर बघायला गेला.

"टाइल कुठंय?"

"इनोकेने नेली," आपेनिसा म्हणाला. "तौवू आहे."

सिरेलीला हसू आलं. कोणालाही आलं असतं. पण ते पुसून तो म्हणाला, "बरोबर आहे, त्याला दोष देता येत नाही. पण म्हणजे न्हाणीघर नाही. ही नुसती भिंत आहे. मी काय बोललो होतो ते तुम्हाला माहीत होतं. दोन तासांत जहाज सुटतं. आई, चल, थोडं खाऊन घे आणि निघू."

"दोन दिवस थांब," आपेनिसा म्हणाला. "वाळलीय आता. आजच वाळली."

"जहाज थांबतं का भिंतीसाठी?"

लितियाने आईचा हात धरून ठेवला होता, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं आता मीच सिरेलीला चार शब्द सुनवावेत, तोंड उघडलंही.

तेवढ्यात बूबू म्हणाली, "मला आंघोळ करायची आहे."

"सुवाला गेल्यावर कर," सिरेली म्हणाला.

"रात्रभर जहाजात होते. अंगाला डिझेलचा वास येतोय. या अंगाने मी लेकीच्या घरी जेवणार नाही." आणि काठी टेकत ती आत गेली. हाताचा तळवा भिंतीवर टेकवला, कट्ट्यावर बसून पाहिलं, नळ सोडून पाहिला. "पाणी येतंय," म्हणाली, आणि दार लावून आतून कडी घातली.

आपेनिसाचा चेहरा मी विसरणार नाही. त्याच पहाटे वाळलेली भिंत! अजून प्रायमरचा एक हात नाही, लेप नाही, कोरं तहानलेलं प्लास्टर. आत पहिला तांब्या ओतला गेला. मग भिंतीवर उडालेल्या पाण्याचा आवाज. तो दारापाशी गेला, बोलायला तोंड उघडलं. लितियाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलं.

दुसरा तांब्या. तिसरा. बूबू आत गायला लागली, कोरोवरचं मासेमारीचं काहीतरी जुनं. बायका अंगणात जमल्या. एकीने लाकडं पेटवली. म्हातारी गातेच आहे, पाणी ओततेच आहे. आपेनिसा प्रत्येक तांब्याला डोळे मिटत होता. मग हळूच मला म्हणाला, "भिंत पितेय, वहिनी. सगळं पितेय."

"काय करणार?"

"पिऊ दे," तो म्हणाला.

भोंगा वाजला. सिरेलीने दार ठोठावलं. "आई! पहिला भोंगा झाला!"

"काय?"

"जहाज!"

"ऐकू येत नाही! पाणी वाहतंय!"

"मग पाणी बंद कर!"

"काय?"

अंगणातल्या बायका तोंडावर हात घेऊन हसायला लागल्या. सिरेली लालबुंद झाला. दार तोडून आईला आंघोळीतून बाहेर काढणं कोणत्या मुलाला जमणार? तो दाराशी उभा राहिला, मग पायरीवर बसला. टॅक्सीवाला येऊन म्हणाला की बोचकं काढून घ्या, मला दुसरं भाडं आहे. बोचकं लितियाने घेतलं, छातीशी धरलं.

दुसरा भोंगा झाला. तिसराही झाला. इथून झाडांच्या फटीतून खाडी दिसते. जहाज वळलं, धूर सोडला आणि बाहेर निघालं. तेव्हा कुठे आतलं पाणी थांबलं. कडी निघाली. बूबू बाहेर आली, केस ओले, कानामागचं फूल भिजून मलूल झालेलं, चेहरा मात्र लहान मुलीसारखा टवटवीत.

"गेलं का जहाज?" तिने विचारलं. "अरेरे."

सिरेलीच हसला सगळ्यात आधी. आपल्या आईला तो आपल्याहून जास्त ओळखत असणार. मग आपेनिसा हसला, त्याच्या त्या खालच्या आवाजात, आणि कोंबड्या पळाल्या. लितिया हसत नव्हती. ती आईच्या पायाशी बसून तिचे ओले पाय आपल्या सुलूने पुसत होती आणि रडत होती, आणि आई तिच्या डोक्यावर थोपटत म्हणत होती, "एवढंच ना? मग आधी का नाही सांगितलंस त्या भिंतीबद्दल? मी काय टाइल बघायला आले होते?"

त्या दिवशी जेवायला डुक्कर होतं. इनोकेचं. आपेनिसा दुपारी त्याच्याकडे गेला, "तौवूच्या घरी चांगला माल आहे!" म्हणून ओरडला, आणि डुक्कर दोरीने ओढत घेऊन आला. इनोके मागून आला, आपल्याच डुकराचं मटण खायला, आणि सगळ्यात जास्त तोच जेवला. पुढचं जहाज येईपर्यंत सिरेली राहिला. कावाच्या वाडग्यापुढे बसून त्याने इनोकेला चोर आणि आपेनिसाला मूर्ख म्हणायचा सराव केला. तौवू तो नव्हता, पण कोणी हरकत घेतली नाही. जाताना आईला चल म्हणाला नाही.

बूबूला त्या न्हाणीघराची चटक लागली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आयुष्यभर ओढ्यावर जाऊन, डोळे पाठीमागे ठेवून, घाईने आंघोळ केलेली बाई. आतून कडी घालून, बसून, नळाखाली, कोणी बघत नाही, कोणी घाई करत नाही, हे सुख तिला आताच मिळालं होतं. मी सुचवलं की काही दिवस आमच्याकडे येऊ दे आंघोळीला, तोवर भिंत वाळेल आणि टाइल लागेल. बूबूने माझ्याकडे बघितलं, जणू मी तिचं जेवण काढून घ्यायला आले होते.

"तुझ्याकडे का? माझं आहे की."

आपेनिसा अजूनही रोज पहाटे, ती उठायच्या आधी, भिंतीला हात लावून बघतो. ओली. बूबूच्या आदल्या संध्याकाळच्या आंघोळीने नेहमी ओली. इनोकेच्या व्हरांड्यात ते खोके तसेच आहेत. त्याच्या बायकोने त्यांवर झाडांच्या कुंड्या मांडल्यात. गावातले लोक आपेनिसाची चेष्टा करतात, सगळ्यांच्या भिंतीची हळद उरकून स्वतःच्या घरची नवरी बिनलग्नाची ठेवलीस म्हणून. तो म्हणतो, असू दे, प्लास्टर माझं आहे, टिकेल.

परवा लितिया नळाचं वॉशर न्यायला दुकानात आली. बूबूने नळ फिरवून फिरवून झिजवलाय. मी विचारलं, "काय गं, टाइल कधी लागणार तुझी?"

"नको, वहिनी," ती म्हणाली. वॉशर तिने रुमालात बांधला. "मीच देवाला सांगितलंय, माझी भिंत वाळू देऊ नकोस."